पौषातला प्लंबर

थंडी पडली की नळ आणि पाइपांची काळजी कशी घ्यावी, याचे सल्ले मोबाइलवर फिरायला लागतात. त्यातले बहुतेक बर्फाच्या देशांतून आलेले असतात. पाइपांना उबदार वेष्टण गुंडाळा, रात्री नळ बारीक सोडून ठेवा, वगैरे. तिथे ते रास्तच आहेत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि फुगायला जागा मिळाली नाही की पाइप फुटतो. 2021च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हेच झालं. एरवी उष्ण असलेल्या त्या राज्यातली घरं तशा थंडीसाठी बांधलेलीच नव्हती, आणि लाखो लोकांचं पाणी तुटलं. आमच्याकडे नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात मात्र रात्रभर नळ सोडून ठेवायचा सल्ला पाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरतो, निफाडला तर कधीकधी पाचाच्याही खाली. पण भिंतीतला पाइप गोठवणारी थंडी ब्रह्मगिरीच्या पायथ्याला पडत नाही. यावरून आपण सोयीस्कर निष्कर्ष काढतो, की हिवाळ्याचा आणि आपल्या प्लंबिंगचा काही संबंध नाही. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. त्र्यंबकसारख्या गावात नळदुरुस्तीचा खरा हंगाम मार्गशीर्ष-पौष हाच आहे, आणि तो आपण दरसाल हातचा घालवतो.

कारण इथल्या पावसात आहे. त्र्यंबक परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंती ओल्या असतात, गच्ची ओली असते, न्हाणीघराची मागची बाजू हिरवी पडलेली असते. या काळात भिंतीतला पाइप गळत असला तरी कळायला मार्ग नसतो. सगळी ओल पावसाच्या नावावर खपते. मग दिवाळी येते. पोपडे खरवडून, लांबी भरून, रंगाचे दोन हात मारले जातात. म्हणजे भिंत काय सांगते ते ऐकायच्या आधीच आपण तिचं तोंड बंद करतो. खरं तर दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि पावसाची ओल हळूहळू मागे हटते. पौषापर्यंत जी ओल हटत नाही, उलट त्याच ठिकाणी पुन्हा रंग फुगवते, ती बहुतांशी पाइपाची किंवा न्हाणीघराच्या फरशीखालची असते. एवढं स्पष्ट निदान वर्षाच्या दुसऱ्या कुठल्या महिन्यात होत नाही. वैशाखात गळतीचं पाणी भिंतीत जिरतं न जिरतं तोच सुकून जातं आणि खूण राहत नाही. शिवाय तोवर पाणीच दिवसाआड आलं, तर गळतंय काय आणि आलंच नाही काय, हा हिशेब लागत नाही. रंगकाम आधी आणि नळकाम मागून हा आपला क्रम मला म्हणूनच उफराटा वाटतो. रंग एक वर्ष थांबला तर घराचं काही बिघडत नाही.

तपासायला प्लंबरही लागत नाही. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाणी कुठवर आहे त्याची खूण करावी आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा पाहावी. फ्लशच्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाकावी. फ्लश न करता भांड्यातलं पाणी निळसर झालं तर आतलं रबर गेलेलं आहे. ही गळती सर्वांत फसवी, कारण ती थेंबथेंब आवाज करत नाही, भांड्याच्या कडेने गुपचूप उतरत राहते. नळाच्या थेंबाचा हिशेब तर कुणालाही करता येतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर इतका बारीक थेंब धरला, तरी चार लिटरांच्या वर पाणी जातं. नळाच्या तोंडाचा थेंब याहून जाड असतो, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा मोठाच. आणि यावर इलाज काय, तर बहुतेक वेळा काही रुपयांचा वायसर.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावोगावच्या मुख्य लाइनी फुटलेल्या असतात, व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत पाणी उसळत असतं; तिथे घरातल्या थेंबाचं काय घेऊन बसलात? सार्वजनिक गळती घरगुती गळतीपेक्षा कितीतरी मोठी असते, हे मान्य. पण त्यातून घरातली गळती चालेल असं कसं सिद्ध होतं, ते मला कळत नाही. नगर परिषदेच्या पाइपाला पाना लावायचा अधिकार आपल्याला नाही, स्वतःच्या मोरीतल्या नळाला आहे. शिवाय पाण्याची किंमत काय, हे याच तालुक्यात वेगळं सांगावं लागत नाही. खरशेतच्या शेंद्रीपाड्यातल्या बाया तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जायच्या. ती दृश्यं राज्यभर पोचल्यावर 2022च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटरांचं माप धरलं आहे. लॉजच्या दोन-चार खोल्यांच्या फ्लशमधून गळून उतरणारं पाणी या मापाशी ताडून पाहावं.

आता गाळाकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या मोरीकडे. थंडी आपल्या पाइपांवर कुठे हात टाकत असेल, तर इथे. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, साजूक तूप आणि वनस्पती तूप त्याहूनही आधी. मे महिन्यात सिंकमधून वाहून गेलेलं तूप चेंबरपर्यंत पातळ राहतं. पौषात ते पहिल्या वळणावर पाइपाच्या आतल्या अंगाला धरतं. त्यावर भाताची शितं, डाळीचा गाळ, राख बसते आणि पाइपाचं तोंड दिवसेंदिवस अरुंद होत जातं. त्र्यंबकची गोष्ट इतर गावांहून वेगळी आहे ती इथे. 2011च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांच्या घरातलं हे गाव. पण नारायण नागबळीसारखे तीन दिवसांचे विधी, त्यासाठी उतरलेली कुटुंबं, घरोघरी आणि लॉजवर उठणाऱ्या पंगती हे वर्षभर चालू. त्यात पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा. ऐन थंडीत लाखांनी वारकरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी बारशीचं पारणं असतं. गावातल्या मोऱ्यांवर सर्वांत जास्त भार येतो तो नेमका तूप सर्वांत लवकर थिजतं त्या दिवसांत. एकादशीच्या आठवड्यात मोरी तुंबली की तो योगायोग नसतो.

उकळतं पाणी ओतलं की मोरी मोकळी होते, असं पुष्कळजण म्हणतात. होते, पण तेवढ्यापुरती. तूप वितळतं आणि चार-सहा फूट पुढे, गार पाइपात, हात पोचत नाही अशा ठिकाणी पुन्हा थिजतं. वर साध्या पीव्हीसीच्या पाइपाला उकळतं पाणी सोसत नाही ते वेगळंच. ही पुढे ढकललेली चरबी कुठवर जाते ते लंडनने 2017 साली पाहिलं. व्हाइटचॅपल भागातल्या भुयारी गटारात चरबी आणि वेट वाइप्सचा 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला. त्र्यंबकला गटार आणि गोदावरी यांच्यातलं अंतर किती, हे गावकऱ्यांना माहीत आहे. गावातून जाणारं तिचं पात्र काँक्रीटच्या स्लॅबखाली गेलं असल्याने दिसत नाही एवढंच. उपाय मात्र आजीच्या काळातला आहे. खरकटी भांडी धुण्याआधी कागदाने, नाहीतर चपातीच्या तुकड्याने पुसून घ्यायची, कढईतलं उरलेलं तेल-तूप सिंकमध्ये ओतायचं नाही. आणि जिथे रोज पंगत उठते तिथे सिंक आणि चेंबर यांच्यामध्ये चरबी अडवणारा हौद बांधून तो आठवड्याला उपसायचा. हे शेवटचं कुणालाच आवडत नाही, कारण तो उपसायला कुणी तयार नसतं. पण यात्रेच्या दिवशी चेंबर उपसायला त्याहून कमी लोक तयार असतात.

गरम पाण्याचं प्रकरण तेवढंच हिवाळी. वर्षातले सात-आठ महिने निपचित पडलेला गिझर कार्तिकात एकदम सुरू होतो. पाणी वीस अंशांवरून साठवर गेलं की दीड टक्का फुगतं. पंधरा लिटरच्या टाकीत सुमारे पाव लिटर. ते जादा पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ही गळती नव्हे. तिला बूच मारणाऱ्या हुशार माणसांपासून गिझरला वाचवणं हे मोठं काम आहे. पाइपांचंही तसंच. पांढरा साधा पाइप गरम पाण्यासाठी नसतो, त्यासाठी फिकट पिवळसर सीपीव्हीसी. त्यातही तीन मीटरचा पाइप चाळीस अंशांच्या फरकाने सात मिलिमीटरांहून जास्त लांबतो. भिंतीत दोन्ही टोकांना सिमेंटने घट्ट आवळला तर ताण जोडावर येतो आणि रोज सकाळी येतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना क्षारांचाही त्रास. काळ्या कातळातलं पाणी बहुधा जड असतं आणि तापवल्यावर त्यातला चुना कॉइलवर बसतो, म्हणून गिझर थंडीआधी उघडून साफ करावा. गॅस गिझरबद्दल तर वाद नकोच. बंद न्हाणीघरात तो लावणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणं, तो बाहेरच हवा.

शेवटचा आक्षेप पैशाचा. बिघडलं की दुरुस्त करू, आधीच खर्च कशाला? जे बिघाड अचानक होतात त्यांच्यापुरतं हे ठीक आहे. पण वर सांगितलेले सगळे बिघाड सावकाश होणारे आणि आधी खूण देणारे आहेत. त्यांच्या बाबतीत उशिराची किंमत टाइल फोडण्यापासून सुरू होते. याचा सर्वांत मोठा प्रसंग सिंहस्थ कुंभमेळ्याचा. 2027च्या पर्वण्यांच्या तोंडावर ज्यांनी यात्रेकरूंसाठी खोल्या वाढवल्या किंवा वाढवायला घेतल्या, त्यांच्या सगळ्या चुका टाइलच्या मागे जाणार आहेत. टाइल लागण्याआधी पाइपात पाणी भरून, पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरला का ते बघायचं, ही अट कंत्राटदाराशी केलेल्या कागदात लिहून घ्यावी. थंडीत सोल्यूशनचे जोड वाळायला जास्त वेळ लागतो, तेव्हा पहाटे जोडून दुपारी पाणी सोडायची घाई त्याला करू देऊ नये. उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवावेत, नाहीतर पुढे खिळा ठोकताना पाइप कुठून गेला हे कुणालाच आठवत नाही. आणि ज्या खोल्या हंगामाबाहेर कुलूपबंद राहतील, त्यांच्या नाहणी ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला कुणाला तरी नेमावं. कोरड्या हवेत तिथलं पाणी उडून जातं, गटाराचा वास खोलीत शिरतो, आणि मग मालक नवा पाइप टाकायला निघतो.