असज्झाय म्हणजे सुतक नव्हे



ग्रहण जवळ आलं की मोबाईलवर याद्या फिरायला लागतात. गरोदर बाईने सुरी धरू नये, सुईत दोरा ओवू नये, झोपू नये, पाणी पिऊ नये. शेवटी ‘सर्व बहिणींना पाठवा’ आणि खाली ‘जय जिनेंद्र’. ते ‘जय जिनेंद्र’ वाचलं की मला राग येतो. ज्या जिनेंद्राच्या नावाने हे पाठवता, त्यांनी हे कुठे सांगितलं?

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण घ्या. ग्रहण रात्री ९:५७ ते १:२६. म्हणजे साडेतीन तास. पण चंद्रग्रहणाचा वेध तीन प्रहर, नऊ तास आधी लागतो, म्हणजे दुपारी १२:५७ ला. आता आपल्या घरातली गर्भवती सून चौविहार करणारी. दुपारी एकनंतर वेध म्हणून तोंड बंद. सूर्यास्तानंतर चौविहार म्हणून बंद. सकाळी नवकारसी येईपर्यंत बंद. बेरीज करा, सुमारे अठरा तास होतात, तेही पोटात बाळ असताना. ज्या पंचांगातून आपण वेध घेतला, ती पंचांगंसुद्धा लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवतींना सवलत देतात. आपण वेध तेवढा उचलला, सवलत तिथेच ठेवली.

‘पण आपल्यातही ग्रहणाची असज्झाय असतेच ना?’ असं लगेच विचारलं जातं. असते, आणि ती पाळावी. पण असज्झाय म्हणजे काय? अस्वाध्याय. त्या काळात आगमाच्या मूळ पाठाचा स्वाध्याय करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवकार म्हणायला, माळ फेरायला बंदी नाही. असज्झायच्या यादीत स्वयंपाक नाही, पाण्याचा हंडा नाही, गर्भवतीची सुरी नाही. आणि त्या यादीत ग्रहण एकटं नाही. उल्कापात आहे, वीज चमकणं आहे, मेघगर्जना आहे, धुकं आहे. मग पावसाळ्यात वीज कडाडली म्हणून आपण सुनेचं ताट कधी काढून घेतलं आहे का? थंडीत धुकं पडलं म्हणून माठ ओतून दिला आहे का? रात्री तारा तुटताना दिसला तर मुलांना हाक मारून दाखवतो! मग ग्रहणालाच सुतक कुठून आलं? ते शेजारून आलं. शेजाऱ्यांशी प्रेमाने राहावं, पण त्यांची भीती आपल्या धर्माच्या नावाने का खपवावी?

भगवती सूत्राच्या बाराव्या शतकात, सहाव्या उद्देशकात गौतमस्वामी भगवंतांना हेच विचारतात. लोक म्हणतात राहू चंद्राला गिळतो, हे कसं? भगवंत सांगतात, असं म्हणणारे मिथ्या बोलतात. राहू हा देव आहे. त्याचं विमान येता-जाता चंद्राच्या प्रकाशाला झाकतं, आणि लोक म्हणतात गिळलं. नित्य राहूमुळे चंद्राच्या कला रोज कमी-जास्त होतात, पर्व राहूमुळे ग्रहण लागतं. चंद्रग्रहण कमीत कमी सहा महिन्यांनी आणि जास्तीत जास्त बेचाळीस महिन्यांनी होतं, हेही तिथे दिलं आहे.

आजचं विज्ञान म्हणतं, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. विमान की सावली, यावर वाद घालणारे घालोत. एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. चंद्र फक्त झाकला जातो. त्याला कोणी खात नाही, आणि त्यातून विष गळत नाही.

आता त्या सुरीबद्दल बोलते, कारण सगळ्यात मोठं पाप तिथे घडतं. बाळाचा ओठ फाटलेला निघाला की सगळे आईकडे बघतात. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील.’ ती बिचारी जन्मभर आठवत बसते. बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत. म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचं घरात नीट कळायच्या आधी. सातव्या महिन्यात धरलेल्या सुरीने जुळलेला ओठ फाटत नाही. यात आनुवंशिकता असते, पोषणातली कमतरता असते, आणि शस्त्रक्रियेने तो नीट करता येतो. आणि आपण तर रोज कर्मसिद्धांत ऐकणारी माणसं. शरीराची घडण ज्याच्या त्याच्या नामकर्माने होते, हे थोकड्यात पाठ केलेलं असतं. मग दोष आधी चंद्राला आणि नंतर सुनेला कसा देता?

ग्रहण सुटल्यावरचा प्रकारही बघा. रात्री दीड वाजता माठ, हंडे, पिंप ओतून रिकामे. सगळ्यांच्या आंघोळी, फरशा धुणं, उरलेलं अन्न उकिरड्यावर. दूध वाचवायला तुळशीची पानं तोडायची, तीही अंधारात. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानणारे आपण. पाणी गाळून वापरणारे आपण. एका रात्रीत किती अप्काय, किती वनस्पतिकाय गेले, याचं प्रतिक्रमण कोण करणार? आपल्या संगमनेरात प्रवरामाई आहे म्हणून पाणी वाहत्या धारेने ओतायचं, असं थोडंच आहे?

‘एक दिवस पाळलं तर बिघडलं कुठे?’ हा शेवटचा प्रश्न. उपवास, आयंबिल स्वतःच्या इच्छेने, पच्चक्खाण घेऊन केलं तर ते तप. दुसरीला भीती घालून उपाशी ठेवलं तर ते तप नव्हे, तो अंतराय. आणि तो बांधणारी आपण.

आकाशातून खरंच काही येऊन आदळल्याचं बघायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जा. उल्केने कठीण बेसाल्ट खडकात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा पाडला आहे. आज तिथे सरोवर आहे, काठाला झाडी आहे, मोर आहेत. ग्रहणात तर साधा खडासुद्धा पडत नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला, चातुर्मासात, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. तेव्हा एक काळजी जरूर घ्या. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, ग्रहणाचा खास चष्मा वापरा, मुलांवर लक्ष ठेवा. आगमाचा पाठ थांबवा, सामायिक घ्या, नवकार म्हणा. आणि सुनेला भूक लागली असेल तर सूर्यास्ताच्या आत गरम जेवायला वाढा. त्या दिवशी यादी आली तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणारीला नुसतं विचारा, ‘ताई, हे कोणत्या सूत्रात आहे?’