अ‍ॅक्सोलॉटलची नोंद कागदावर, रोग मात्र पाण्यात

विदेशी प्राणी पाळण्याची हौस आता पोपट आणि कासवांपुरती उरलेली नाही. मस्तकाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि कायम हसरा भासणारा चेहरा असलेला मेक्सिकोतील अ‍ॅक्सोलॉटल हा उभयचर प्राणी शोभेच्या माशांच्या दुकानांतून आणि समाजमाध्यमांवरून भारतीय घरांत पोहोचला आहे. २०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळात तो अवतरल्यापासून मुलांमध्ये त्याचे आकर्षण अधिकच वाढले. मात्र या प्राण्याबरोबर त्याचे परजीवीही घरात येतात. त्यांची ना दुकानात तपासणी होते, ना कोठे नोंद. हा प्रश्न केवळ काचेच्या टाकीपुरता मर्यादित नाही. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या गोवा आणि बेळगावसारख्या प्रदेशांना तो अधिक गांभीर्याने घ्यावा लागेल.

कायद्याची बाजू प्रथम पाहू. अ‍ॅक्सोलॉटल हा ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातील प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा प्रजातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी त्या बाळगणाऱ्यांना ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. नव्याने ताब्यात घेणाऱ्यांना ३० दिवसांची आहे. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु या नियमांचा भर ताबा, हस्तांतरण आणि पिल्लांचा जन्म यांवर आहे. प्राणी कोणाकडे आहे हे शासनाला कळते. तो निरोगी आहे की नाही, हे कळत नाही.

आयात होणाऱ्या प्राण्यांसाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर येथे विलगीकरण केंद्रे आहेत. तथापि विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातून वारंवार जप्त होणारे विदेशी प्राणी पाहता, सर्व प्राणी या दारातून येत नाहीत हे उघड आहे. देशातच पैदास झालेल्या पिल्लांचा तर या केंद्रांशी संबंधच येत नाही. शोभेच्या माशांबरोबर एकाच पाण्यात, एकाच जाळीने हाताळली गेलेली ही पिल्ले दुकानातून थेट घरी जातात.

लक्षणे आणि गफलती

अ‍ॅक्सोलॉटलला होणारे परजीवी दोन प्रकारचे असतात. त्वचेवर आणि कल्ल्यांवर ट्रायकोडिना, कॉस्टिया यांसारखे सूक्ष्म एकपेशीय जीव, अँकर कृमी, माशांवरील उवा आणि जळवा आढळतात. आतड्यांत गोलकृमी, पट्टकृमी आणि एकपेशीय जीव वाढतात. त्वचेवर राखाडी चिकट थर, टाकीच्या तळाशी अंग घासणे, कल्ल्यांची झालर विरळ होणे, कातडीतून धाग्यासारखा जीव बाहेर लोंबणे ही बाह्य परजीवींची लक्षणे होत. खाणे चालू असूनही वजन घटणे किंवा अन्नावरची वासना उडणे, ही आतल्या कृमींची शक्यता दर्शवते.

गफलत होते ती येथेच. कल्ले पुढे वळलेले दिसले किंवा शेपटीचे टोक वाकले की परजीवी झाले, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पाण्याचा वेगवान प्रवाह, अमोनिया किंवा उष्णता हे त्याचे अधिक संभाव्य कारण असते. कापसासारखा पांढरा पुंजका बहुधा बुरशीसदृश संसर्गाचा असतो. टाकीच्या काचेवर वळवळणारे बारीक पांढरे जंत तर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. उरलेले अन्न कुजत असल्याचा तो पुरावा असतो. निदानाचा खात्रीचा मार्ग एकच: त्वचेवरील श्लेष्मा आणि ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. ही तपासणी महागडी नाही. पण आपल्याकडील पशुवैद्यकीय व्यवस्था गुरे, कुत्री आणि मांजरे यांच्याभोवती उभी आहे. उभयचरांचा अनुभव असलेला डॉक्टर छोट्या शहरात सापडणे कठीण.

ही पोकळी मग दुकानातील बाटली भरून काढते. माशांसाठी विकली जाणारी तांबेयुक्त औषधे, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन सर्रास सुचवली जातात. उभयचरांची त्वचा पाण्यातील द्रव्ये थेट शोषून घेते. माशाला सोसणारी मात्रा अ‍ॅक्सोलॉटलचा जीव घेऊ शकते. पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल, गोलकृमींवर फेनबेंडाझोल आणि काही एकपेशीय जीवांवर मेट्रोनिडाझोल ही औषधे वापरली जातात, परंतु वजनानुसार मात्रा ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच. आजारी प्राण्याला स्वतंत्र भांड्यात थंड, क्लोरीनमुक्त पाण्यात ठेवणे आणि ते पाणी रोज पूर्ण बदलणे, एवढा प्रथमोपचार घरी करता येतो. अँकर कृमी चिमट्याने ओढून काढणे टाळावे; त्याचे डोके आत तुटून जखम चिघळते.

प्रतिबंध औषधाहून सोपा आहे. नवा प्राणी किमान महिनाभर वेगळा ठेवावा, त्याच्यासाठी जाळी आणि भांडीही वेगळी असावीत. गटारांतून गोळा केले जाणारे जिवंत ट्युबिफेक्स आणि खाद्य म्हणून टाकलेले छोटे मासे हे परजीवींचे हमखास वाहक. त्याऐवजी स्वच्छ जागी वाढवलेली गांडुळे द्यावीत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, आणि पाण्याचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सियस. ही शेवटची अट कळीची आहे. २४ अंशांपलीकडे हा प्राणी ताणाखाली येतो, त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि एरवी दबून असलेले परजीवी उसळतात. गोव्याच्या एप्रिल-मे महिन्यांत घरातील पाणी ३० अंशांच्या आसपास जाते. इंदूर-ग्वाल्हेरचा उन्हाळा त्याहून कडक. पाणी थंड करणारे यंत्र परवडत नसेल, तर हा प्राणी न घेणे हाच खरा प्रतिबंध होय.

टाकीबाहेरचे संकट

हौस सरते किंवा प्राणी दगावतो, तेव्हा टाकीतील पाणी जाते कोठे? बहुतेकदा परसातल्या गटारात, तेथून ओढ्यात. उभयचरांचा कर्दनकाळ ठरलेली कायट्रिड बुरशी पाण्यातूनच पसरते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने ५०१ प्रजातींच्या ऱ्हासाशी आणि ९० प्रजातींच्या संभाव्य विलोपाशी तिचा संबंध जोडला. मेक्सिकोतील अ‍ॅक्सोलॉटलमध्येही ती आढळली आहे, आणि लागण झालेला प्राणी वरकरणी ठणठणीत दिसू शकतो. तिचीच एक भगिनी प्रजाती आशियाई सॅलॅमँडरच्या व्यापारातून युरोपात पोहोचली आणि नेदरलँड्समधील फायर सॅलॅमँडर जवळपास संपुष्टात आले. त्या अनुभवानंतर अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ सॅलॅमँडर प्रजातींच्या आयातीवर निर्बंध घातले.

ही बुरशी सह्याद्रीत नवखी नाही. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांमध्ये आशियाई वाण आढळल्याचे २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. स्थानिक प्रजाती त्या वाणासह तगून असल्या, तरी बाहेरचा वाण आल्यास काय होईल, याची परीक्षा निसर्गात घेणे परवडणारे नाही. कारण येथे पणाला लागलेली संपत्ती अन्यत्र कोठेही नाही. गोव्याचेच नाव लाभलेला ‘गोएमची’ बेडूक २०१८ मध्ये, तर म्हादेईचे नाव मिरवणारा पायविहीन देवगांडूळ २००७ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाला. आंबोलीची भेक तर अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

उपाय खर्चिक नाहीत. नोंदणी करतानाच पशुवैद्यकाचा त्वचा आणि विष्ठा तपासणीचा दाखला जोडण्याची अट घालता येईल. जिल्हा पशुचिकित्सालयांत सूक्ष्मदर्शक आहेतच. तेथील डॉक्टरांना उभयचरांबाबत अल्प प्रशिक्षण दिल्यास पुरे. विक्रेत्यांवर विलगीकरणाची नोंदवही ठेवण्याचे बंधन हवे. परके आक्रमक जीव आणि त्यांचा व्यापार नियंत्रित करण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीतील कलम ६२-अ ने केंद्राला दिला आहे. तो वापरण्यासाठी संकट दारात येण्याची वाट पाहू नये. पाळणाऱ्यांनीही टाकीचे पाणी ब्लीचने निर्जंतुक करूनच सोडावे आणि नकोसा प्राणी विहिरीत वा तळ्यात कदापि सोडू नये.

मेक्सिको सिटीतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६ हजार अ‍ॅक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ३६ उरले. प्रदूषण आणि माणसाने आणून सोडलेले तिलापिया व कार्प मासे ही त्याची प्रमुख कारणे. परका जीव पाण्यात सोडण्याची किंमत या प्राण्याने आपल्या मायभूमीत मोजली आहे. ती सह्याद्रीच्या बेडकांना मोजावी लागू नये, यासाठी नोंदवहीतील प्राण्याची मोजदाद पुरेशी नाही. त्याच्या पाण्याकडेही पाहावे लागेल.