वाफसा नसताना केलेली पेरणी



या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि पीकविमा हे नेहमीचे तीन विषय आहेतच. त्यांच्या जोडीला आम्ही चौथा विषय ठेवीत आहोत : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आपल्या मुलांना संगणक शिकवण्याचा. रास्त भावाच्या लढाईत हे पाटी-पेन्सिलीचे प्रकरण कशाला, असे काही जण विचारतील. म्हणून त्याचेच उत्तर आधी.

२०१७ साली कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा अर्ज संगणकावर भरायचा होता. आपली माणसे रोजगार बुडवून केंद्रांपुढे रांगेत उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असे ठरले. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. कर्ज, पीक, ओळख आणि भाव या चारही घरांची दारे आता संगणकातून उघडतात, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात आहे. आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीवर उठत होता. आज नातू मोबाइलवर आलेला ओटीपी केंद्रावरच्या माणसाला वाचून दाखवतो. अडाणीपणाची किंमत त्या घराला तेव्हाही मोजावी लागली, आजही लागते.

म्हणून हा शिक्षणखात्याचा अंतर्गत मामला नाही. हा आपल्या घामाच्या दामाचा प्रश्न आहे.

चाळीस वर्षांचा हिशेब

शाळेत संगणक आणण्याच्या घोषणा नव्या नाहीत. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि इंग्लंडमधल्या शाळांसाठी बनलेली बीबीसी मायक्रो यंत्रे आपल्याकडच्या निवडक शाळांना दिली. यंत्र इंग्रजीत बोलणारे, शिकवण्याचे कार्यक्रम तिकडचे, आणि शाळेच्या वाट्याला यंत्रे मोजकी. पुढे डिसेंबर २००४ मध्ये आयसीटी योजना आली, ती माध्यमिक शाळांसाठी. आपल्या राज्यात ती ठेकेदारामार्फत, पाच वर्षांच्या कराराने राबवली गेली. करार संपला की संगणक शिकवणारा माणूस घरी आणि यंत्रे कुलपात, हे कोणत्याही तालुक्यात विचारले तरी कळेल.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरपाडा नावाच्या वाडीवर एक प्रयोग झाला. पहिली ते चौथीची शाळा, शिक्षक एक, मुले २२. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकेत निघालेल्या मोहिमेने तिथल्या प्रत्येक मुलाच्या हाती हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला. मुलांनी तो भीडभाड न ठेवता वापरला. डोंगरातली वाडी असली म्हणून मूल यंत्राला बिचकत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. पण एका शाळेत जे जमले ते खरेदीच्या आकड्याने देशभर जमत नाही, हे पेरू देशाने दाखवले. पेरूने याच मोहिमेचे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. लॅपटॉप मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गणित आणि भाषा इतर मुलांपेक्षा सुधारलेली नव्हती. यंत्र पोचले, शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर डिजिटल शाळांची लाट आली. तिचे श्रेय गावांना दिले पाहिजे. दुष्काळाच्या त्या वर्षांतही मराठवाड्यातल्या गावांनी वर्गणी काढली, कोणी टीव्ही दिला, कोणी प्रोजेक्टर दिला, भिंती रंगवल्या. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याही भागातल्या माणसांनी शाळेसाठी पदरचे पैसे घातले. पण पडद्यावर कविता लागली आणि पोरांनी ती पाहिली, म्हणजे पोरांना संगणक आला असे होत नाही. बांधावर बसून दुसऱ्याची नांगरट पाहणाऱ्याला कोणी नांगऱ्या म्हणत नाही. कळफलकावर बोट पोराचे पडले पाहिजे, चूक त्याची झाली पाहिजे आणि ती दुरुस्तही त्यानेच केली पाहिजे.

वाफसा कशाला म्हणायचा?

पहिला पाऊस पडला की लगेच तिफण जुंपू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाऊ द्या, वाफसा आला की पेरा, असे परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते. न ऐकणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते आणि बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. शाळेतल्या संगणकाचे गेली चाळीस वर्षे हेच झाले. बियाणे महागाचे, पेरणीचा मुहूर्त पुढाऱ्याच्या सोयीचा आणि जमिनीत ओल नाही.

ही ओल तीन गोष्टींची. पहिली, शिकवणारा शाळेचाच शिक्षक असला पाहिजे. केरळने २००१ च्या सुमारास 'आयटी अॅट स्कूल' नावाने काम सुरू केले तेव्हा भर दिला तो शाळेतल्याच शिक्षकांना तयार करण्यावर. परवान्याचे पैसे लागत नाहीत अशी मुक्त प्रणाली वापरली, ती मल्याळममध्ये आणली, आणि पुढे प्राथमिकच्या वर्गांसाठी संगणकाची वेगळी पाठ्यपुस्तके काढली. केरळ श्रीमंत आहे म्हणून हे झाले असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. परवान्यावर पैसा न घालणे हा श्रीमंतीचा नव्हे, काटकसरीचा मार्ग आहे.

दुसरी ओल भाषेची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वांनी वाचले. पुस्तकावर क्यूआर कोड छापण्याची त्यांची युक्ती २०१७ साली राज्याने सगळ्या पाठ्यपुस्तकांसाठी उचलली, हेही वाचले. पण त्यांनी आधी केले ते काम कमी लोकांना ठाऊक आहे. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. ती त्यांनी शिकून घेतली आणि धडे त्या भाषेत आणले. यंत्र नंतर आले, भाषा आधी आली. देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या शाळांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत. आणि मराठी मुलाला मराठीत टंकलेखन यावे यात तर अडचण काहीच नाही. इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ पासून प्रमाण ठरलेला आहे आणि आजच्या प्रत्येक संगणकात तो फुकट मिळतो. तरी संगणक म्हटला की आपण पोरांना ए-बी-सी-डीपासून धरतो.

तिसरी ओल विजेची आणि दुरुस्तीची. बिल कोणी भरायचे हे न ठरवता घेतलेले यंत्र म्हणजे चारा न पाहता घेतलेला बैल.

शिकवायचे काय?

चित्र रंगवणे आणि खेळ खेळणे एवढ्यावर प्राथमिक शाळेतला संगणक थांबू नये. अमेरिकेतले सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली 'लोगो' नावाची मुलांसाठीची संगणकभाषा केली. तिच्यात कासवाला हुकूम द्यायचा : इतके पुढे जा, इतके वळ, पुन्हा पुढे जा. हुकूम बरोबर असेल तर चौकोन होतो, चुकला तर रेघ भलतीकडे जाते, आणि मूल स्वतःच शोधते की कुठे चुकले. आपल्या पोराला हे नवे नाही. तास धरून जाणे, टोकाला वळणे, अंतर राखून परत येणे हे त्याने औतामागे पाहिले आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'कॉम्प्युटर मस्ती' या शालेय अभ्यासक्रमातही पायरीपायरीने विचार करण्यावर भर आहे. पायरीपायरीने विचार करायला पहिली-दुसरीत यंत्र लागतही नाही. भाकरी कशी करायची, याच्या पायऱ्या मुलांनी क्रमाने सांगाव्यात. पीठ मळण्याआधी तवा तापवला तर काय होईल, यावर वाद घालावा.

चौथी-पाचवीत हिशेब घ्यावा. २०२५-२६ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. माल ६ क्विंटल ४० किलो, तर रक्कम ५१,९०४ रुपये. ओलावा ८ टक्क्यांच्या वर जाईल तसा टक्क्यामागे टक्का भाव कमी होतो. ओलावा १० टक्के निघाला तर हाती ५०,८६५ रुपये ९२ पैसे, म्हणजे १,०३८ रुपयांची घट. हा तक्ता मुलाने स्वतः संगणकात मांडला, ओलाव्याचा आकडा बदलून रक्कम कशी बदलते ते पाहिले, तर त्याला गणितही कळेल आणि बाप काट्यावर का भांडतो तेही कळेल.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : पोरांना धड वाचता येत नाही, संगणक कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. वाचनाचा तास कापून संगणकाचा तास घालायला आमचा विरोध राहील. पण आपल्या गावाची, नदीची, बैलांची नावे स्वतः टंकून ती परत वाचणे हाही वाचनाचाच तास आहे.

दुसरा : मोबाइल तर घरोघर आहे. खरे आहे. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन निघाला. पण आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केलेली मुले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांवर गेलेली ७६ टक्के. यंत्र घरात आल्याने ते कामाला लागत नाही, हेच हा आकडा सांगतो. शिकवावे लागते.

तिसरा : शिकलेली पोरे शेती सोडतील. सोडोत. ज्याला जायचे त्याने कसब घेऊन जावे, आणि ज्याला राहायचे त्याने डोळे उघडे ठेवून राहावे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य आपण बियाण्यासाठी मागितले, तेच पोरांसाठी मागायचे आहे. शरद जोशी देशात परतून कोरडवाहू शेतकरी झाले, त्याआधी बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या माहितीशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. संगणक जाणणारा माणूस शेतीचे अर्थशास्त्र शिकवू शकतो, याला दुसरा पुरावा नको.

इथे एक गोष्ट विसरू नका. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर भागातली कितीतरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. शाळेत जे काही सुरू कराल त्यात या मुलांना परत आल्यावर कुठून धरायचे, हे आधी ठरवा. नाहीतर हीही योजना बागायतदाराची होईल.

ठराव

बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव मांडीत आहोत.

एक : शाळेसाठी वर्गणीतून वा ग्रामपंचायतीच्या निधीतून संगणक, टीव्ही घेण्यापूर्वी शिकवणारा शिक्षक कोण आणि त्याचे प्रशिक्षण कधी, हे लेखी ठरावे.

दोन : खरेदीच्या कागदात तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती मिळण्याची अट असावी, आणि शाळेच्या वीजबिलाची जबाबदारी कोणाची हे ग्रामसभेत नोंदले जावे.

तीन : मराठी इनस्क्रिप्ट टंकलेखन प्राथमिक शाळेतच शिकवावे, आणि प्रणाली विनापरवाना-शुल्काची असावी.

चार : एका यंत्रावर दोनपेक्षा जास्त मुले नकोत. कोणत्या मुलाचा हात यंत्राला किती तास लागला, याची नोंदवही ठेवावी. तीत मुलींची नावे मुलांइतकीच आहेत की नाही हे आधी पाहावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. म्हणजे ही समिती आपलीच आहे. नोंदवही मागायला कोणाची परवानगी लागत नाही. पेरणीआधी सुगीच्या तयारीत शाळा विसरली जाते, म्हणून बैठकीहून गेल्या-गेल्या प्रत्येक गावातून एका बाईने आणि एका गड्याने शाळेत जावे, यंत्रे किती, चालू किती, कुलपात किती हे मोजावे आणि कागद पुढच्या बैठकीला घेऊन यावा. आकडे हातात असतील तर जिल्हा परिषदेच्या दारात काय मागायचे, ते आपण ठरवू.