साइडर : नावाला घाबरू नका, घड्याळ बघा



डिसेंबर लागला की आमच्या दहिसरला पहाटे जरा गारठा जाणवतो. नॅशनल पार्कची झाडी जवळ, त्यामुळे फजरला उठून गॅलरीचे दार उघडले की अंगावर शहारा येतो. बाकीची मुंबई पंखा लावून झोपलेली असते आणि आमच्याकडे अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, शाल शोधत असतात. अशा दिवसांत काहीतरी गरम प्यावेसे वाटते, आणि चहा तरी किती वेळा करायचा?

आमच्या सोसायटीत पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी गच्चीवर छोटे चहापान असते. दुसऱ्या मजल्यावरच्या ख्रिस्ती आंटी दरवर्षी नेवऱ्या आणि केक घेऊन येतात. ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. यंदा त्या मला म्हणाल्या, "भाभी, या वेळी गरम प्यायचे काहीतरी तुम्ही करा. सगळ्यांना मोकळ्या मनाने पिता येईल असे." मी कहवा करायचे ठरवले होते. पण नणंदेची मुलगी कॉलेजच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती, ती म्हणाली, "मामी, मी अ‍ॅपल साइडर करते. गरम, मसाल्याचे. मस्त लागते."

अम्मी तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "साइडर? म्हणजे दारूच ना गो ती?"

"नाही नानी, नुसता सफरचंदाचा रस असतो."

"नुसत्या रसाचे काय होते ते मला माहीत आहे," अम्मी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. का, ते पुढे सांगते.

खरे म्हणजे दोघींचेही बरोबर होते. इंग्लंडमध्ये साइडर म्हटले की सफरचंदाची दारूच समजतात. अमेरिकेत मात्र साइडर म्हणजे सफरचंदाचा ताजा, न गाळलेला गढूळ रस. दारू झालेल्या साइडरला तिथे 'हार्ड साइडर' म्हणतात. मुलीने पाहिलेली कृती अमेरिकन होती. आपल्याकडे वाइन शॉपमध्ये साइडरच्या नावाने मिळणारी बाटली मात्र दारूचीच असते. आणि किराणा दुकानात मिळते ते 'अ‍ॅपल साइडर व्हिनेगर' म्हणजे सफरचंदाचा सिरका. नाव एक, वस्तू तीन. त्यामुळे मुले बाहेर कुठे 'साइडर' प्यायला बसली तर ते कोणते, हे विचारायची सवय त्यांना लावा.

या शब्दाची एक गोष्ट वाचून मला नवल वाटले. इंग्रजी 'साइडर' फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून आणि ग्रीकमध्ये हिब्रू 'शेखार' या शब्दावरून. शेखार म्हणजे नशा आणणारे पेय. अरबीतला 'सकर' हा त्याचाच भाऊ. सूरह नहलच्या ६७व्या आयतीत खजूर आणि द्राक्षांच्या संदर्भात हा शब्द आला आहे, आणि 'मुस्किर' म्हणजे नशा आणणारी वस्तू, हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे अम्मींनी नुसत्या नावावरून जे ओळखले, त्याला भाषेचीही साक्ष होती.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी धाकट्याचा पहिला रोजा होता. दोन दिवस आधी मी सफरचंदे मिक्सरमध्ये फिरवून, गाळून रस काढला होता. उरलेला प्लास्टिकच्या बाटलीत भरून ओट्यावरच ठेवला, कारण फ्रिज सामानाने भरला होता. इफ्तारच्या वेळी तोच रस ग्लासात ओतायला घेतला. बाटली फुगून टणक झाली होती. झाकण फिरवताच 'फुस्स' आवाज आला आणि वर फेस आला. मला वाटले, फळ गोड असेल. मुलाने ग्लास उचलला होता, तेवढ्यात अम्मींनी वास घेतला आणि ग्लास हातातून काढून घेतला. अम्मी मूळच्या श्रीवर्धनकडच्या, नारळी-पोफळीत वाढलेल्या. म्हणाल्या, "हा ताडीचा वास आहे." सगळा रस मोरीत गेला. मुलाने खजूर आणि पाण्याने रोजा सोडला. त्या संध्याकाळची आठवण अजून अंगावर येते.

झाले काय होते? सफरचंदाच्या सालीवर आणि हवेत डोळ्यांना न दिसणारे यीस्ट असते. पावाचे पीठ फुगते ते यीस्टमुळेच. ते रसातली साखर खाते. त्यातून अल्कोहोल तयार होते आणि वायू सुटतो. त्या वायूनेच बाटली फुगते. दहिसरहून पुढे पालघर-डहाणूकडे गेलात तर हीच गोष्ट ताडाच्या झाडावर दिसते. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, लहान मुलेही पितात. तीच उन्हात राहिली की दुपारपर्यंत ताडी होते. झाड तेच, रस तोच. फरक फक्त वेळेचा आणि उष्णतेचा.

आपल्या दीनने ही गोष्ट किती आधी समजावून ठेवली आहे! सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे की हुजूर (स.) यांच्यासाठी मनुका पाण्यात भिजवल्या जात. ते पाणी, म्हणजे नबीज, आप (स.) त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत घेत. त्यानंतर उरलेले स्वतः घेत नसत. म्हणजे फळाचे गोड पाणी पिणे सुन्नतमध्ये आहे आणि त्याची मुदत पाळणेही सुन्नतमध्येच आहे. मात्र आपल्या दमट मुंबईत रस तीन दिवस बाहेर टिकेल असे धरून चालू नका. माझा तर दोन दिवसांतच गेला होता. बारीक मसअला असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारा. मी स्वयंपाकघरापुरते सांगते आहे.

तर आम्ही ठरवले, साइडर करायचे. पण ताजे करायचे, चांगले उकळायचे आणि आजच्या आज संपवायचे. अम्मींची एक अट होती : "मी वास घेईन, मगच गच्चीवर जाईल."

साहित्य (दीडशे मिलीचे साधारण १० कप) :
सफरचंदे १ किलो
पाणी दीड लिटर
नागपुरी संत्रे १
दालचिनीचे दोन इंची तुकडे २
लवंगा ६
हिरव्या वेलच्या ४
काळी मिरी ४
चक्रफूल १
सुंठ पूड पाव चमचा
जायफळ चिमूटभर
गूळ ५० ग्रॅम, तोही लागला तरच

सफरचंदे महागडी, चकचकीत घ्यायची गरज नाही. ऑगस्टच्या सुमारास हिमाचलचा आणि सप्टेंबरनंतर काश्मीरचा माल येतो, तेव्हा भाव उतरतात. स्टेशनबाहेरच्या गाडीवर संध्याकाळी जरा मऊ पडलेल्या, रवाळ सफरचंदांचा वाटा स्वस्तात मिळतो. तो यासाठी उत्तम. पण दबलेले फळ वेगळे आणि सडलेले वेगळे. दबलेला डाग कापून टाकला की काम भागते. बुरशी आलेले सफरचंद मात्र अख्खे फेकून द्या. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते. ते उकळूनही पूर्ण जात नाही आणि डागाच्या पलीकडेही पसरलेले असू शकते.

कृती : बिस्मिल्लाह म्हणून सफरचंदे कोमट पाण्यात चोळून धुवा, वर मेणाचा थर असतो तो निघतो. साल ठेवा, चव आणि रंग तिच्यातच असतो. मधला गाभा आणि बिया मात्र काढून टाका. बिया भरडल्या गेल्या तर त्यातून विषारी द्रव्य सुटते आणि रसही कडू होतो. प्रत्येक फळाच्या आठ फोडी करा. संत्र्याच्या बिया काढून सालीसकट चकत्या करा.

स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात फोडी, चकत्या, पाणी आणि अख्खा मसाला घाला. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले नको. आंबट रसाने त्याला धातूची चव येते. मोठ्या आचेवर चांगली उकळी आणा, मग झाकण ठेवून मंद आचेवर तासभर ठेवा. फोडी मऊ झाल्या की रवीने किंवा पळीने ठेचा आणि सुंठ, जायफळ घालून आणखी दहा मिनिटे उकळा. जायफळ चिमटीपेक्षा जास्त नको, जास्त झाले तर गुंगी येते. शेवटी पातळ सुती फडक्यातून गाळा. चव बघा आणि गोडी कमी वाटली तरच गूळ घाला. काश्मिरी डेलिशियस फळ असेल तर बहुधा लागतच नाही. उलट अर्ध्या लिंबाचा रस घातला तर चव उठते.

गॅस वाचवायला कुकर वापरायचा मोह होईल. स्टीलचा असेल तर वापरा, पण अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. सफरचंद शिजताना फेस येतो आणि शिटीची नळी तुंबू शकते. एक शिटी, मग मंद आचेवर पंधरा मिनिटे. वाफ आपोआप जाऊ द्या.

मी ताज्या आल्याऐवजी सुंठ सांगितली, त्याचे कारण आमच्या मजल्यावरचे जैन कुटुंब. ते ओले आले खात नाहीत, सुंठ चालते. सगळ्यांसाठी करायचे तर एवढे बघावेच लागते.

फडक्यात उरलेला गर फेकू नका. लवंगा, दालचिनी आणि संत्र्याच्या चकत्या वेचून काढा आणि गर थोड्या तुपावर गूळ घालून परता. मुले पोळीबरोबर आवडीने खातात.

आता दोन गोष्टी जपायच्या. पहिली साखरेची. एक किलो सफरचंदात साधारण १०० ग्रॅम साखर असते. ती दहा कपांत वाटली आणि वर गूळ घातला तर कपामागे दोन-तीन चमचे साखर पोटात जाते. घरात कुणाला डायबिटीस असेल तर गूळ घालण्याआधी त्यांचा अर्धा कप बाजूला काढा. रोज पिण्यापेक्षा त्यांनी सफरचंद चावून खाणे बरे, कारण चोथा तर फडक्यातच राहतो. गोडीसाठी मध घालणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला त्यातला थेंबही देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. उरलेले साइडर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा आणि पिण्याआधी उकळा. बाटली फुगली, झाकण उघडताना आवाज आला, न तापवता बुडबुडे दिसले किंवा पावासारखा, ताडीसारखा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या. पुन्हा उकळून ते ठीक होईल असे समजू नका. उकळल्याने सगळे अल्कोहोल उडत नाही आणि दारूचा पुन्हा रस होत नाही. दोन पैसे गेले तर जाऊ द्या. मी त्या दिवशी 'वाया जाईल' एवढाच विचार केला होता, म्हणून सांगते.

आणि न उकळलेला रस ताजा असला तरी पूर्ण निर्धोक नसतो. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतू पसरले, कित्येक जण आजारी पडले आणि एक लहान मूल दगावले. म्हणून मुलांसाठी उकळी महत्त्वाची.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. थंडीतल्या इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर हा गरम कप छान वाटेल. मात्र असरनंतर चढवा आणि मगरिबला वाढा. सकाळी करून ओट्यावर ठेवू नका.

पंचवीसच्या संध्याकाळी पातेले उतरवले तेव्हा अम्मी काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाल्या, "लवंग जास्त झाली." एवढेच. मुलीने श्वास सोडला. गच्चीवर तिने कागदावर 'गरम सफरचंद-मसाला' असे लिहून पातेल्याला चिकटवले; साइडर हा शब्द लिहिला नाही, म्हणजे कुणाला विचारायलाच नको. आंटींनी दोन कप घेतले आणि कृती मागितली. अम्मींचा कप मात्र मुलीने स्वतः नेऊन दिला.

तुमच्याकडे थंडीत काय गरम करतात ते जरूर कळवा. दुआंमध्ये याद ठेवा.

अल्लाह हाफिज.