स्वस्त भाग, महाग मजुरी

शिकागो किंवा टोरांटोसारख्या थंड शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांसाठी मोटारीतील हीटर ही चैन नव्हे, गरज असते. इंजिनात तापलेले कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि त्यावरून जाणारी पंख्याची हवा ऊबदार होऊन आत येते. हाच हीटर कोअर. तो गळू लागला की गोडसर वास येतो, पुढची काच आतून चिकट वाफेने धूसर होते आणि पायाखालचा गालिचा भिजतो.

हा भाग तुलनेने स्वस्त. महाग पडते ती मजुरी, कारण अनेक मोटारींत त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून काहीजण हे काम घरीच करतात. इंजिन पूर्ण थंड असावे. एअरबॅगच्या सुरक्षिततेसाठी बॅटरी सोडवून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. कोणता स्क्रू कुठला, याची नोंद ठेवावी. नवे कूलंट भरल्यावर नळ्यांत अडकलेली हवा काढावी. एसीच्या नळ्या सोडाव्या लागत असतील, तर काम कारागिराकडेच द्यावे.

या हिशेबातील एक रक्कम मात्र बिलावर दिसत नाही. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. चवीला गोड, पण विषारी. अंगणात सांडलेले थोडेसे चाटूनही कुत्र्यामांजरांचा जीव जातो. काढलेले कूलंट घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावे. सांडलेले लगेच टिपून घ्यावे. मजुरीची बचत मुक्या जिवाच्या मोलाने होत असेल, तर तो व्यवहार तोट्याचाच.