वकीलपत्र धनिकांचे, निकाल सर्वांचा

नानी पालखीवाला हे धनिकांचे वकील होते, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नाही. १९७० साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध ते उभे राहिले, ते सेंट्रल बँकेचे भागधारक रुस्तम कूपर यांच्यासाठी. त्याच वर्षी मान्यता व तनखे गमावलेल्या संस्थानिकांची बाजू त्यांनी मांडली. पुढे १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात त्यांचा पक्षकार गिरणीमालकच होता. तथापि एखाद्या वकिलाच्या कारकिर्दीचे मोल केवळ पक्षकारांच्या यादीवरून ठरवावे काय, हा प्रश्न उरतोच.

पालखीवाला इंग्रजी साहित्याचे एम. ए. मुंबई विद्यापीठात अधिव्याख्याता व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ती जागा मिळाली नाही म्हणून ते कायद्याकडे वळले. (त्या निवड समितीचे आपण आभारच मानले पाहिजेत!) सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये त्यांची उमेदवारी झाली आणि १९५० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, कांगांसमवेत लिहिलेला प्राप्तिकरावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. करकायद्याचा वकील शब्दाशब्दावर अडून बसतो. कलमात जे लिहिलेले नाही ते सरकारला वसूल करू देत नाही. पालखीवालांनी नेमकी हीच सवय राज्यघटनेच्या वाचनात आणली. घटना ‘दुरुस्त’ करण्याचा अधिकार संसदेला आहे; पण दुरुस्ती म्हणजे मोडतोड नव्हे, हा केशवानंद भारती खटल्यातील त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तेरा न्यायाधीशांसमोर ६८ दिवस सुनावणी चालली आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही अस्पर्श ठरली.

या विजयातून मूळ पक्षकाराच्या पदरात काय पडले? केरळातील एडनीर मठाच्या जमिनींचा प्रश्न होता. परंतु केरळच्या जमीनसुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी २९वी घटनादुरुस्ती न्यायालयाने वैध ठरविली. निर्णायक मत देणारे न्या. खन्ना यांनी मालमत्तेचा हक्क या चौकटीत धरलाच नाही, आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनही गेला. ज्यांच्यासाठी लढाई लढली गेली त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

लाभ झाला तो भलत्यांनाच. जून १९७५ मध्ये अलाहाबाद निकालाविरुद्ध इंदिरा गांधींची बाजू पालखीवालांनीच सर्वोच्च न्यायालयात मांडली होती. आणीबाणी पुकारली जाताच त्यांनी ते वकीलपत्र परत केले. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारे ३९व्या घटनादुरुस्तीचे कलम ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द झाले, ते याच मूलभूत चौकटीच्या आधारे. हा आधारच काढून घेण्यासाठी सरन्यायाधीश रे यांनी तीन दिवसांतच तेरा जणांचे न्यायपीठ फेरविचारास बसविले. त्यासमोर पालखीवालांनी दोन दिवस जो युक्तिवाद केला, तो त्यांच्या आयुष्यातील सर्वश्रेष्ठ होता असे आम्हांस वाटते. १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीशांनी ते न्यायपीठच बरखास्त केले.

या प्रकरणाचा आपल्या वाचकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. १९९१ साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले, तेव्हा सेवेविषयक तक्रारी घेऊन उच्च न्यायालयात जाण्याचा सरकारी कर्मचाऱ्याचा मार्ग बंद झालेला होता. बढती डावललेल्या किंवा बडतर्फ झालेल्या कारकुनाला न्यायाधिकरणाचा निर्णय पटला नाही, तर दिल्ली गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या कारकुनाला दिल्ली म्हणजे काय, हे सांगावयास नको. १९९७ साली चंद्रकुमार खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की, उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असून तो घटनादुरुस्तीनेही काढून घेता येत नाही. त्या दिवसापासून मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथील दरवाजे कारकुनाला पुन्हा उघडले. मठाधिपतीच्या खटल्यात घडविलेले हत्यार असे कारकुनाच्या कामी आले.

म्हणून धनिकांचे वकील हे गरिबांचेही तारणहार असतात, असा निष्कर्ष मात्र आम्ही काढणार नाही. पालखीवालांसारखी माणसे व्यापारी खटल्यांतून घटनेकडे वळली, हा योगायोग होता, व्यवस्था नव्हे. सासवडचे वि. म. तारकुंडे यांनी उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडून आणीबाणीतील स्थानबद्धांची बाजू लढविली. पण असे वकील बोटांवर मोजण्याइतकेच. १९८७च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकिलाची सोय केली आहे. परंतु उत्पन्नाच्या मर्यादेमुळे अनेक शिक्षक व कारकून त्या सोयीच्या बाहेरच राहतात, आणि बड्या वकिलाची एका दिवसाची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची असते. व्यापारी दाव्यांवर नावारूपाला आलेल्या प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने वर्षाकाठी काही ठराविक सेवाविषयक व नागरी हक्कांचे खटले विनाशुल्क चालवावेत, असा दंडक वकील परिषदेने का घालू नये? ‘ज्येष्ठ वकील’ ही पदवी न्यायालय देते. ती देताना या कामाचा हिशेब मागण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.