एकच मिळेल का?

नव्या लग्नाच्या जोडप्याला एक मूल झालं की आपल्याकडे लोक वर्षभरातच सुरू होतात. ‘एकावर थांबू नका हं, त्याला सोबत हवी.’ हीच माणसं सध्या मला लिफ्टमध्ये गाठून विचारताहेत, ‘दोन मांजरं? दोन कशाला? एक आणायचं ना!’ या आठवड्यात हा प्रश्न मी वॉचमनपासून डेंटिस्टपर्यंत सगळ्यांकडून ऐकला. डेंटिस्टने तर माझ्या तोंडात हत्यारं असताना विचारला, त्यामुळे उत्तरही देता आलं नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना आमचं घर ठाऊक आहे. ठाण्यातला सातवा मजला, कबुतरांशी चाललेलं माझं वैर, मोबाइलवर वाचलेलं सगळं खरं मानणारा नवरा आणि मूळच्या चिपळूणकडच्या सासूबाई. त्यात आता डोंबिवलीकडच्या एका छोट्या संस्थेतून आणलेली दोन मांजरं आली आहेत. एक नारिंगी बोका, एक काळी भाटी. अट एकच होती, दोघं एकत्र न्यायची. जोडी फोडायची नाही.

अट का, ते एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा लिफ्टमध्ये सांगावं लागणार नाही. मांजर शिकार एकटं करतं हे खरं, पण म्हणून ते एकलकोंडं असतंच असं नाही. काही मांजरं एकमेकांना अशी लागतात की एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात, एकमेकांची डोकी-माना चाटतात, आणि एक दिसेनासं झालं की दुसरं घरभर ओरडत फिरतं. अशांना वेगळं केलं की एखादं खाणंच टाकतं. आणि मांजराचं उपाशी राहणं आपल्या एकादशीसारखं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठायला लागते आणि प्रकरण जिवावर बेततं. अंगाने भरलेलं मांजर असेल तर धोका जास्त. संपले फॅक्ट्स.

आता आमच्या जोडीविषयी. बोका कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमधून भर पावसात निघालेला. भाटी त्याच्याहून मोठी, मासळी बाजारातली, डाव्या कानाचं टोक कापलेलं. ती नसबंदीची खूण, मारामारीची नव्हे, हेही मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं. बोटभर बोक्याला तिच्या पिंजऱ्याशेजारी ठेवलं होतं. तो रात्रभर किंचाळायचा. शेवटी संस्थेतल्या मुलीने वैतागून त्याला भाटीच्याच पिंजऱ्यात टाकलं, तेव्हापासून ही जोडी. गेले कित्येक महिने ती तशीच पडून होती. मागणी नव्हती म्हणावं तर बोक्यासाठी फोनच फोन. ‘तो ऑरेंज आहे ना, तो एकटा मिळेल का?’ काळीविषयी कुणी अवाक्षर काढायचं नाही. एकीने म्हणे सुचवलं, ‘काळीला तुम्ही कुठेतरी सोडा ना, ती मोठी आहे, जगेल.’ एका काकांनी तर काळीबद्दल स्पष्टच विचारलं, ‘रोज सकाळी कामाला निघताना आडवी गेली तर?’

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात मांजर आडवं जाण्याचं कलम घालायचं राहिलं.

सासूबाईंना त्या काकांचं सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘घरातच राहणार ना ती? मग दिवसातून शंभर वेळा आडवी जाईल. कुठल्या शंभर कामांना निघता गं तुम्ही?’ त्यांचा आक्षेप वेगळाच होता. त्यांना मुळात मांजर आणणं हीच कल्पना पटेना. ‘मांजर कधी आणतात का? मांजर येतं.’ त्यांच्या माहेरी मांजरं यायची, माळ्यावर वीत, पिलं तोंडात धरून सात घरं फिरवत आणि वाटलं तर परत येत. कुणी कुणाला पाळलेलं नसे. फक्त मारायचं नाही, कारण मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतं, आणि सोन्याचे भाव तेव्हाही परवडण्यातले नव्हतेच.

पण सातव्या मजल्यावर मांजर येणार कुठून? लिफ्टचं बटण दाबून? त्यामुळे फॉर्म भरणं आलं. फॉर्मात घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाचं पत्र, घरात दिवसा कोण असतं, गावाला गेलात तर मांजरांचं काय, लसींचा खर्च झेपेल का, बोक्याची नसबंदी वेळेवर कराल का, असे रकाने. नवरा म्हणाला, गृहकर्जाला एवढं विचारलं नव्हतं. मला मात्र ते विचारणं आवडलं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत वीत असते. हौसेने पिल्लू नेणारे आणि सहा महिन्यांनी ‘आम्ही शिफ्ट होतोय’ म्हणून पाच मांजरं परत आणणारे लोक त्या मुलीने इतके पाहिलेत की तिने विचारावंच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्येच नियम काढला होता, पाळीव प्राण्यांना बंदीचा. पशुकल्याण मंडळाचं 2015 सालचं परिपत्रक नवऱ्याने त्यांना मोबाइलवर पाठवलं. सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. नवऱ्याच्या मोबाइलचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

मग घर बघायला ती मुलगी आली आणि सरळ खिडकीशी गेली. सोफा, पडदे, सासूबाई, कशाकडेही तिने पाहिलं नाही. खिडक्यांना डासांची सरकती जाळी आहे, हे मी अभिमानाने दाखवलं. तिने एका नखाने ती अलगद बाजूला सरकवली. ‘मांजर असंच करतं,’ म्हणाली. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे, तीही तिने चिमटीत धरून ओढली. ‘ही बाहेरच्यासाठी आहे. आतल्यासाठी नाही.’ संडासाच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतून हात घालून पाहिला. जाळ्या लागल्याशिवाय मांजरं मिळणार नाहीत, असं सांगून, चहा नको म्हणून ती निघाली. चहा नको म्हणणं सासूबाईंना लागलं. त्यांनी तिला दारातच थांबवून गाव, आई-वडील, पगार, आणि लग्नाचं कुणी बघतंय का, हे सगळं विचारून घेतलं. फॉर्मापेक्षा जास्त रकाने झाले.

इथून पुढे घरात मांजरांचा विषय मागे पडला आणि जाळीचा सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं, जाळीची गरजच नाही. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. शिवाय त्याच्याकडे पुरावा होता. 1987 साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास छापला होता. त्यातली नव्वद टक्के जगली, आणि त्यांच्या मते सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना इजा उलट कमी होती, कारण खूप उंचावरून पडताना मांजर अंग सैल सोडून पाय पसरतं. ‘आणि आपण सातव्यावर आहोत,’ नवरा म्हणाला. म्हणजे काठावर पास.

मी त्याला विचारलं, ही 132 मांजरं मोजली कुठे? दवाखान्यात. मग जी खाली पडून जागेवर मेली, ती कोण घेऊन जाणार दवाखान्यात? त्यांची नोंद कुणी केली? अशी आकडेवारी घेतली तर आमच्या सोसायटीतल्या जिन्यावरून कुणीच कधी वाईट पडलेलं नाही, कारण जे वाईट पडले ते आता सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत. मांजर हवेत वळतं, ते खरं आहे. 1894 मध्ये एटियेन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच माणसाने पडत्या मांजराचे झपाझप फोटो काढून ते दाखवलं, आणि आधी ते अशक्य म्हणणारे शास्त्रज्ञ गप्प झाले. पाठीचा कणा लवचीक आणि गळ्याचं हाड जवळपास मोकळंच, म्हणून ते जमतं. पण पायांवर उतरणं म्हणजे पाय शाबूत राहणं नव्हे. पडलेल्या मांजरांचे जबडे फुटतात, छातीत हवा भरते, पुढचे पाय मोडतात. आणि पडण्याचं कारण नव्याण्णव वेळा एकच, समोरच्या छज्ज्यावर बसलेलं कबूतर. कबुतरांबद्दल मी जे लिहीत आले आहे, त्याला हा आणखी एक पुरावा.

अखेर जाळीवाला आला. त्याने खिडक्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कबूतर की मांजर?’ त्याच्या धंद्यात या दोन गोष्टी साफ वेगळ्या आहेत. कबूतर बाहेरून येतं, हलकं असतं आणि त्याला दात नसतात, म्हणून नायलॉन चालतं. मांजर आतून उडी मारतं, चार किलोचं असतं आणि कंटाळा आला की दोरा चावत बसतं. त्यासाठी स्टीलची बारीक जाळी, फ्रेममध्ये कसलेली, आणि खालच्या कडेला हुक जवळजवळ. हल्लीचं ते बारीक तारांचं फॅन्सी ग्रिलही त्याने मोडीत काढलं. त्यात बोका अडकेल, पिल्लू निघून जाईल. मग म्हणाला, ‘मॅडम, मांजरवाले गिऱ्हाईक भाव करत नाहीत.’ सासूबाईंनी भाव केला. बराच केला.

जाळ्या लागल्या, मांजरं आली. येताच दोघं पलंगाखाली गेली. काळी पुढे, तिच्या पाठीला चिकटून बोका. फोटोत सिंहासारखा दिसणारा हा गडी प्रत्यक्षात मिक्सर लागला तरी थरथरतो. त्याच्यासाठी एवढे फोन आले होते! जेवणाची पद्धत तर बघण्यासारखी. दोन वाट्या मांडल्या की तो मागे बसतो. काळी येते, तिची वाटी हुंगते, मग त्याची हुंगते, मग एक घास त्याच्या वाटीतला खाऊन बघते, आणि बाजूला होते. मग तो पुढे येतो. एकदा ती आंघोळघरात अडकली होती. हा वाटीसमोर नुसता बसून राहिला, आणि दार उघडेपर्यंत बांगडासुद्धा त्याने हुंगला नाही.

संस्थेत त्यांची नावं सिम्बा आणि लूना होती. महाराष्ट्रातलं दर दुसरं मांजर सिम्बा आणि तिसरं लूना आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. सासूबाईंना दोन्ही जमेनात. त्यांनी बोक्याचं बाब्या केलं, आणि काळीला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणतात. ‘आक्का, आधी तू जेव गं,’ असं आमच्या घरात रोज दोनदा ऐकू येतं. इतक्या मायेने त्या फक्त थोरल्या नणंदेशी बोलत.

दर महिन्याला त्या मुलीला व्हिडिओ कॉलवर मांजरं दाखवायची अशी फॉर्मात अट आहे. पहिल्या कॉलला दोघांपैकी कुणीही पलंगाखालून आलं नाही. आक्काची शेपटी तेवढी दिसली. मग फोन सासूबाईंनी घेतला आणि अर्धा तास त्याच बोलल्या. मुलीने आम्हाला पास केलंय म्हणे. पुढच्या महिन्यात ती स्वतः येणार आहे. सासूबाईंनी कोळणीला सुरमई सांगून ठेवली आहे, आणि चिपळूणहून आमच्या एका चुलतदिरालाही त्याच रविवारी बोलावलं आहे. तो अविवाहित आहे. त्याला मांजरं आवडतात का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.